फेरीचा हिशेब, दुखण्याचा वाटा

दापोली तालुक्यातल्या हर्णैला संध्याकाळी पुळणीवर मासळीचा लिलाव भरतो. मोठ्या नौका आत खोल पाण्यात नांगर टाकून थांबतात. मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्याला येते, वाळूवर ढीग लागतात आणि बोली सुरू होते. पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा, म्हाकूल. दर बघता बघता चढतो आणि तितक्याच पटकन कोसळतो. एक ढीग काही मिनिटांत उचलला जातो, आणि पाच-सात दिवस दर्यात राबलेल्या माणसांच्या कष्टाची किंमत तेवढ्यात ठरून जाते.

कोकण किनाऱ्यावर पैसा येतो आणि तरी तिथली बरीचशी घरे दुखणी अंगावर काढतात. हे का होते ते समजून घ्यायचे तर या लिलावापासून निघावे आणि पैशाचा माग काढत खलाशाच्या घरापर्यंत जावे. माझे म्हणणे असे की, मासळीचा पैसा वाटण्याची जी रीत आहे तीच रीत जोखीमही वाटते, आणि ज्याच्या हाती पैसा सर्वांत कमी येतो त्याच्या शरीरावर जोखमीचा सर्वांत मोठा वाटा पडतो. कोळीवाड्यातल्या आजारांचा विषय निघाला की लोक आधी दारूचे नाव घेतात. दारू आहे, ती घरे मोडते, हे खरे. पण ती साखळीच्या शेवटच्या टोकाला येते. सुरुवात हिशेबात आहे.

नौका फेरीला निघते तेव्हा तिच्यात डिझेल, बर्फ, पिण्याचे पाणी आणि शिधा भरलेला असतो. हा खर्च मासळी मिळो न मिळो, होतोच. डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा सरकार देते, पण तो मागाहून. आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात. हे पैसे बहुतेक वेळा व्यापाऱ्याकडून किंवा दलालाकडून येतात. जाळी बदलायची, इंजिन उतरवायचे, मोसमाच्या तोंडाला खलाशांना उचल द्यायची, तेव्हा बँक दारात उभी करत नाही आणि दलाल एका फोनवर रक्कम देतो. बदल्यात मासळी त्याच्यामार्फतच विकायची असते. म्हणजे बोली लागण्याआधीच विकणाऱ्याचे हात बांधलेले असतात.

मासळी विकली की आधी दलाली कापली जाते, मग फेरीचा खर्च. उरलेल्या रकमेतून नौकेचा, म्हणजे मालकाचा, वाटा निघतो आणि बाकीचे तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, आणि खलाशांत वाटले जाते. प्रमाण बंदरागणिक बदलते. काही ठिकाणी, विशेषतः थव्याला वेढा घालणारे जाळे वापरणाऱ्या पर्ससीन नौकांवर, खलाशी पगारावर असतात, पण तिथेही चांगल्या-वाईट मोसमाचा फटका कुठल्या ना कुठल्या रूपाने त्यांच्यापर्यंत येतोच. आपण एक साधा हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा, एका फेरीची मासळी २,००,००० रुपयांना गेली. पाच टक्के दलाली म्हणजे १०,०००. फेरीचा खर्च १,१०,०००. उरले ८०,०००. त्यातले निम्मे नौकेचे, निम्मे माणसांचे. एक तांडेल आणि आठ खलाशी आहेत, तांडेलाला दोन वाटे धरले तर एकूण दहा वाटे झाले. खलाशाच्या हाती ४,००० रुपये आले.

आता पुढच्या फेरीला मासळी थोडी मंद लागली आणि विक्री तीस टक्क्यांनी घटून १,४०,००० झाली असे धरा. दलाली ७,०००. खर्च तेवढाच, १,१०,०००, कारण इंजिन मासळी मोजून डिझेल पीत नाही. उरले २३,०००. माणसांचे ११,५००. खलाशाच्या हाती १,१५० रुपये.

विक्री तीस टक्क्यांनी घटली, दलालाचे उत्पन्नही तीस टक्क्यांनीच घटले, पण खलाशाची कमाई एकाहत्तर टक्क्यांनी खाली आली. इथे कोणी लबाडी केलेली नाही. हिशेब चोख आहे. खर्च आधी वजा होतो आणि माणसांचा वाटा शेवटी निघतो, एवढ्यानेच सगळी चढउतार तळाशी जाऊन साठते. मालकाच्या वाट्यालाही हीच घट येते, आणि एका नौकेचा मालक कर्जात बुडाल्याची उदाहरणे प्रत्येक बंदरात आहेत. तरी त्याच्याकडे तारण ठेवायला नौका असते. खलाशाकडे त्याचे दोन हात.

त्या हातांचे काय होते ते जवळून पाहू. जाळे ओढून मासळी फळीवर ओतली की ती निवडावी लागते. त्या ढिगात शिंगाळा असतो. त्याच्या पाठीवर एक आणि बाजूच्या परांना एकेक असे तीन दातेरी काटे असतात आणि त्यांना विष असते. पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट. अंधारात, हलत्या फळीवर, दिवस-रात्र पुरती झोप न झालेल्या माणसाच्या तळव्यात काटा शिरणे ही नेहमीची गोष्ट. कळ इतकी जाते की धडधाकट माणूस रडतो. या विषावर पहिला उपाय मात्र अगदी स्वस्त आहे. हे विष उष्णतेने निकामी होते. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की कळ बरीच उतरते. दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने पाणी आधी तपासून घ्यायचे, कारण दुखरा हात भाजला तरी कळत नाही. स्टोव्ह आणि टोप प्रत्येक नौकेवर असतो. अडचण वेळेची असते. जाळे वर आले आहे, मासळी बर्फात घालायची आहे, आणि एक माणूस तासभर टोपात हात घालून बसला तर त्याचे काम बाकीच्यांवर पडते.

विष उतरले तरी जखम राहते. त्यात काट्याचा तुकडा अडकलेला असू शकतो, आणि हात पुढचे चार दिवस खाऱ्या पाण्यात, बर्फात आणि मासळीच्या चिकट्यात असतो. समुद्राच्या पाण्यात जखम चिघळवणारे जिवाणू असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याला त्यांच्यातले काही जिवावर बेततात. तिसऱ्या दिवशी हात सुजतो, चौथ्या दिवशी ताप चढतो. आता परतायचे का, हा प्रश्न तांडेलापुढे येतो.

तांडेल निर्दय नसतो. बऱ्याचदा तो त्याच वाडीतला, नात्यातला असतो. पण हिशेब त्याला पाठ असतो. अर्ध्यातून परतलो तर समजा ९०,००० ची मासळी होईल. दलाली ४,५००. थोडे डिझेल आणि शिधा वाचेल, बर्फ वितळून जाईल, खर्च ९५,००० धरा. म्हणजे ९,५०० रुपयांची तूट, आणि ती पुढच्या फेरीच्या माथी. नऊ घरांच्या आठवड्याची कमाई आणि एका माणसाचा सुजलेला हात, यांत निवड करायची वेळ येते. आणि बहुतेक वेळा ती निवड जखमी माणूस स्वतःच करतो. ‘चालंल, बघू बंदराला गेल्यावर’ असे तो म्हणतो, कारण आठ जणांची फेरी आपल्यामुळे पडली हे ओझे घेऊन वाडीत वावरणे त्याला हाताच्या दुखण्याहून जड वाटते. दोन दिवसांपूर्वी ज्या जखमेला गोळ्यांनी भागले असते तिला मग चिरा द्यावा लागतो.

रक्तदाब, साखर, छातीतली कळ यांचेही असेच होते, फक्त संथपणे. गोळ्या संपतात तेव्हा माणूस दर्यात असतो. इंजिनाच्या घरघरीने कान जातात, उन्हाने डोळ्यांत वडस वाढते, हे तर कोणी आजारांत धरतही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००७ चा मासेमारी-कामगारांविषयीचा करार आहे. तीन दिवसांहून अधिक काळ समुद्रात राहणाऱ्या नौकेवर माणसाला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळावी, नौकेवर प्रथमोपचार जाणणारा माणूस आणि साहित्य असावे, खलाशाची वैद्यकीय तपासणी झालेली असावी, असे तो सांगतो. २०१७ मध्ये तो अमलात आला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

बंदराला लागल्यावर दवाखाना गाठायचा. इथे किनाऱ्याचा भूगोल आड येतो. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक, असा नियम आहे. देशावर एखाद्या केंद्राभोवती चारी दिशांना गावे असतात. किनाऱ्यावर अर्धे वर्तुळ समुद्र खातो, उरलेल्या अर्ध्यात खाड्या आणि घाट्या. तेवढीच माणसे लांबट पट्टीत पसरलेली असतात. डोळ्यांना समोर दिसणारे पलीकडचे गाव रस्त्याने तासाभराहून लांब असते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला इथे गाडी घेऊन जाणाऱ्या फेरीबोटी आल्या आणि मोठी सोय झाली, पण त्यांना वेळापत्रक आहे. रात्री पोटात कळ आली तर खाडीचा वळसा घालावाच लागतो.

आणि वळसा घालून पोचल्यावर तज्ज्ञ असेलच असे नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडचा गंभीर आजारी माणूस पिढ्यान्‌पिढ्या गोव्याला, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जात आला. जानेवारी २०१८ मध्ये तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गातून संतापाची लाट उठली आणि दोडामार्गला लोक आंदोलनाला बसले. गोव्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, त्यांच्या खाटा त्यांच्या करदात्यांच्या पैशाच्या. पण एका जिल्ह्याचे मोठे इस्पितळ दुसऱ्या राज्यात असावे, हे दुखणे त्या निमित्ताने उघडे पडले. त्यानंतर अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आली. इमारती आणि पदे कागदावर लवकर येतात. शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ मुलाबाळांसह मुंबई-पुणे सोडून तिथे राहायला येणे याला वेळ लागतो.

कोकणाची ही निकड वर का पोचत नाही, याचे एक कारण सरासरीत आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांवर आणि रत्नागिरीची ८२ टक्क्यांवर होती. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कागदावर हे उजळ चित्र. पण स्त्रियांचा तो आकडा सांगतो की कमावते पुरुष मुंबईला गेलेले आहेत, आणि मागे राहिलेल्या वस्तीत म्हातारी माणसे जास्त, म्हणजे दुखणी जास्त. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीत आंबा-काजूचा बागायतदार, शिक्षक, हॉटेलवाला आणि खलाशी एकत्र मिसळले जातात. किनाऱ्याच्या वाडीचा वेगळा आकडा कोणी काढत नाही. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळहून आलेले शेकडो खलाशी तर या मोजणीत नीट सापडतही नाहीत. ते राहतात नौकेवर, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला राज्याचे रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला लागतो.

या योजनेने मोठ्या शस्त्रक्रियांत किती घरे वाचवली ते मी कमी लेखत नाही. पण ती इस्पितळात दाखल झाल्यानंतरच्या ठरावीक उपचारांची आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, गाडीचे भाडे, सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोजगार, हे तिच्या बाहेर. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराचा अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, अपघातात इस्पितळात राहावे लागल्यास २५,००० रुपये. चांगली तरतूद आहे. मात्र खलाशाला ग्रासणारी बरीचशी दुखणी अपघात नसतात. ती दहा-वीस वर्षांत थोडी थोडी येतात.

सरकारी मदतीचा बाकीचा भाग पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. ती नौकेला चिकटलेली असते. डिझेलचा परतावा नौकेला. कर्ज नौकेवर. वादळानंतर पंचनामा होतो तो फुटलेल्या नौकेचा आणि फाटलेल्या जाळ्याचा. ३ जून २०२० चे निसर्ग, मे २०२१ चे तौक्ते, त्याआधी ऑक्टोबर २०१९ मधले क्यार. वादळाचा इशारा आला की नौका बंदरात परततात आणि फेरी बुडते. बुडालेल्या फेरीचा पंचनामा कसा करणार? एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत त्याचा उपयोग होईल, आणि तो प्रामुख्याने ज्याच्या नावावर काही आहे त्याला होईल. शेतमजुराची जी गत शेतीत झाली तीच खलाशाची इथे होऊ नये म्हणून आत्ताच जागे राहायला हवे.

बाईची बाजू या हिशेबात दिसतच नाही, कारण तिचे काम लिलावानंतर सुरू होते. बोलीत घेतलेली मासळी, बर्फ, टेम्पोचे भाडे, बाजाराची पावती, हे सगळे ती आधी भरते, आणि दिवस मावळेपर्यंत जे विकले जाणार नाही ते पडेल भावाने देते. म्हणजे नौकेवर जो नियम होता तोच टोपलीतही आहे, खर्च आधी आणि कमाई शेवटी. बाजारात वापरण्याजोगे शौचालय नसेल तर सकाळपासून पाणी न पिता बसायचे, आणि लघवीची जळजळ ‘उष्णता झाली’ म्हणून सोसायची. मुंबईच्या ससून डॉकमध्ये, १८७५ सालच्या त्या गोदीत, पहाटेपासून कोळंबी सोलणाऱ्या बायकांना पैसे वजनावर मिळतात. बर्फातल्या कोळंबीने बोटे बधिर होतात, कवचाची टोके नखाशी रुततात, कातडी सोलवटते. हातमोजे घातले तर हात मंदावतो, आणि हात मंदावला की वजन कमी भरते. भूक आणि झोप मारायला मशेरी असतेच. तोंडात पांढरा चट्टा दिसू लागला तरी तो दाखवायला एक दिवसाचा खाडा होतो.

मग पावसाळा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. मासळीच्या विणीसाठी ती हवीच, मच्छीमारही ते मानतात. पण प्रत्यक्षात मे अखेरीस हवा बिघडते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत नीट कमाई सुरू होत नाही. याच काळात शाळा उघडतात, छप्पर गळते, जाळी विणायची असतात, आणि लेप्टो, डेंग्यू, हगवण हेही याच काळात येतात. मत्स्यसंपदा योजनेत बचत आणि मदत मिळून पात्र मच्छीमाराला वर्षाला ४,५०० रुपये मिळू शकतात. त्यातले १,५०० त्याने स्वतःच साठवलेले असतात. बाकीची गरज उचल भागवते. जुलैत मुलाच्या तापासाठी घेतलेली उचल ऑगस्टमध्ये खलाशाला त्याच नौकेवर, त्याच वाट्यावर बांधून घालते. उचल अंगावर असलेला माणूस सुजलेला हात दाखवून ‘मागे फिरा’ असे म्हणू शकत नाही. साखळी इथे पूर्ण होते.

किनाऱ्यावर वाटपाची दुसरी रीतही होती, आणि मालवणकडे ती अजून तग धरून आहे. रापण. होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढायची. डिझेल जवळजवळ नाही, बर्फ नाही, आणि दोर ओढायला हात लावणाऱ्याला मासळीत वाटा. साठी उलटलेला माणूस, ज्याला नौकेवर कोणी घेणार नाही, तोही दोराला लागून संध्याकाळची आमटी आणि चार पैसे नेतो. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला जागा असलेले हे काम होते. बांगडा आणि तारलीचे थवे किनाऱ्याला येण्याआधीच बाहेर पर्ससीनच्या वेढ्यात आणि एलईडीच्या उजेडात सापडू लागले तशी रापण रिकामी येऊ लागली. गोव्याच्या रापणकारांनी १९७० च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांबरोबर ट्रॉलरविरुद्ध जो लढा दिला तो या वाट्यासाठीच होता. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. पर्ससीनवर महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ ला निर्बंध आणले. रात्री क्षितिजावर उजेड तरीही दिसतो, आणि मालवणात त्यावरून अजून डोकी फुटतात.

उपाय काय, तर पहिला बंदीच्या ६१ दिवसांचा. वर्षभरात एवढाच काळ असा असतो की वाडीतले सगळे खलाशी आणि तांडेल घरी सापडतात. रक्तदाब, साखर, डोळे, कान आणि तोंडाची तपासणी वाडीत जाऊन करायची, आणि ऑगस्टमध्ये नौका सुटताना फेरीला पुरतील तेवढ्या गोळ्या हातात द्यायच्या. आरोग्य केंद्राची वेळ सकाळची आणि खलाशाची फुरसत पावसाळ्याची, ही गाठ सहज घालता येईल. तांडेलाला गरम पाण्याच्या उपायासकट प्रथमोपचार शिकवणेही याच दिवसांत होऊ शकते.

दुसरा उपाय लिलावातच करावा लागेल. आजारी माणसासाठी नौका मागे फिरली तर तिची तूट सगळ्या बंदराने मिळून उचलावी. वरच्याच आकड्यांनी पाहू. प्रत्येक विक्रीतून अर्धा टक्का, म्हणजे २,००,००० मागे १,००० रुपये, मच्छीमार सोसायटीने बाजूला काढले. तीस नौका, मोसमात प्रत्येकी वीस फेऱ्या, म्हणजे ६,००,००० रुपये जमतात. परतलेल्या नौकेला ४०,००० द्यायचे ठरवले तर सहाशे फेऱ्यांत पंधरा वेळा मागे फिरता येते. ९,५०० ची तूट भरून ३०,५०० उरतात, माणसांचे १५,२५०, आणि प्रत्येक खलाशाला १,५२५ रुपये मिळतात. मंद फेरीला १,१५० मिळाले होते, त्याहून थोडे जास्तच. यात एकच अट पाळायची. नौका फिरवताना तांडेलाचा शब्द पुरेसा मानायचा. डॉक्टरचा कागद बंदराला लागल्यावर, कारण दर्यात तो मिळत नाही, आणि कागदासाठी थांबायचे म्हटले तर आज होते तेच पुन्हा होईल.